मोडीत जाता जाता राहिलेलं माप

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमच्याकडे माळा उतरवायचे दिवस. २०२४ च्या ऑक्टोबरात मी आठवडाभर आधीच रजा टाकून पुण्याहून माहेरी गेले. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. बाबा गेल्यानंतर माळ्याला कुणी हात लावला नव्हता. आईनं दोन दिवसांत तो रिकामा करून ओसरीवर ढीग घातला होता: पितळी डबे, चेपलेली घंगाळं, आजोबांच्या किराणा दुकानातली बिडाची वजनं, पितळी मापं, लाल फडक्यात बांधलेल्या वह्या. मोडवाला दुपारी येणार होता. पितळ आणि बीड किलोच्या भावानं जाणार, वह्या रद्दीत. येणाऱ्या पैशांतून आईला धनत्रयोदशीला स्टीलचा मोठा पिंप घ्यायचा होता.

त्याच सकाळी भाजी आणायला गेले तेव्हा वाचनालयाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं वाचलं: "दिवाळीची आवराआवर करताना जुन्या वस्तू मोडीत देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा." खाली फोन नंबर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर गावाचं छोटं वस्तुसंग्रहालय आहे. एक मोठी खोली, एक लांब व्हरांडा. शाळेत असताना एकदा रांगेनं वर नेलं होतं आम्हाला, नांगर आणि तलवार एवढंच आठवत होतं. पिशवी हातात घेऊनच मी फोन लावला.

तासाभरात सर आले. निवृत्त शिक्षक, आता बिनपगारी सगळं सांभाळतात. मी पाहुण्यांसमोर बरं दिसावं म्हणून चिंच-मीठ लावून मापं घासायला बसले होते. सर दारातूनच म्हणाले, "ताई, थांबा! घासू नका." मला वाटलं, सौजन्यानं म्हणतायत. पण त्यांनी माझ्या हातातलं माप घेतलं, पालथं केलं आणि खिडकीशी नेऊन तिरकं धरलं. कडेजवळ झिजलेला छाप होता, अजून दोन मिनिटं घासला असता तर उरला नसता. पितळेवर वर्षानुवर्षं चढलेला काळपट थर म्हणजे मळ नव्हे, तो खालच्या धातूला सांभाळतो, आणि त्यातच छाप, कोरलेली अक्षरं टिकून राहतात, असं त्यांनी समजावलं. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटकायची, बस. हातही धुऊन कोरडे करून लावायचे, कारण घामातलं मीठ धातू खातं.

मग ते ओसरीवर मांडी घालून बसले आणि एकेक वस्तू उचलत गेले. शेर, अच्छेर म्हणजे अर्धा शेर, पावशेर, नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, ही तोलायची. पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं ही मापायची. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचं मापटं, पाव शेराचं चिपटं. तोलायचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि असे ४० शेर म्हणजे एक मण. बिडाच्या वजनाच्या पोटाखाली खळगा असतो, त्यात शिसं भरून त्यावर सरकारी तपासणीचा छाप मारलेला असतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. ही वजनं खेळण्यात घेऊन आम्ही भावंडं मोठी झालो होतो. एकदाही कुणी उलटं करून पाहिलं नव्हतं.

१९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं आली, आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात तीच सक्तीची झाली. त्याआधी १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले होते. म्हणजे पाच वर्षांत दुकानदाराचा गल्लाही बदलला आणि तराजूही. हे आमच्याच घरात घडलं होतं.

पण सरांना वस्तूपेक्षा दुसरंच हवं होतं. त्यांनी एक छापील कागद काढला. वस्तू काय, कशाची, लांबी-रुंदी-वजन किती, हे अर्ध्या पानात. उरलेलं दीड पान रिकामं, वर फक्त एवढंच: "ही वस्तू कुणाची? कुठून आली? कोण, कशासाठी, कधीपर्यंत वापरत होतं?" ते म्हणाले, "पितळी शेर माझ्याकडे सहा आहेत. कुणाचे, ते एकाचंही माहीत नाही. लोक पिशवी दारात ठेवून जातात. मग ते नुसतं पितळ राहतं हो."

आईला फारसं सांगता येईना. ती लग्न होऊन आली तेव्हा दुकान बंद झालं होतं. मग मी आत्याला फोन लावला. आत्या तेव्हा ८१ वर्षांची, कोल्हापूरला असते. फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आत्या, तुला आजोबांच्या दुकानातली वजनं आठवतात का गं?"

पाऊण तास ती बोलत होती. किलो आला तेव्हा बायका दुकानात येऊन भांडायच्या, कारण किलो शेरापेक्षा जड, तेवढे पैसे जास्त, आणि त्यांना वाटायचं दुकानदारानं भाव चढवला. आजोबा मग एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवून दाखवायचे. बघा, किलोचं पारडं खाली जातंय की नाही? म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी जुना शेर कितीतरी दिवस फळीवर तसाच ठेवला होता. त्यानं तोलायचे नाहीत, नुसता दाखवायचे. धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग दोन, तीन. हे सांगताना आत्या स्वतःच मोजत गेली, लाभ, दोन, तीन, आणि मध्येच थांबली. आजोबांचा, तिच्या अण्णांचा, आवाज आठवला असावा.

मग तिनं विचारलं, "त्यात काठाला पोचा आलेला शेर आहे का?"

होता. मी घासत होते तोच.

"अगं, वहिनी माप ओलांडून आली ते तेच. मीच तांदूळ भरून उंबऱ्यावर ठेवलं होतं. तिचा पाय जोरात लागला आणि ते घरंगळत जात्यावर आपटलं, तो पोचा."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. १९८१ सालचं लग्न. त्या दिवशी मान खाली होती, माप कुठलं, कसलं, तिनं पाहिलंच नव्हतं. ती बाहेर आली, माझ्या हातातून शेर घेतला आणि पोच्यावरून अंगठा फिरवत राहिली. मोडवाल्याला तिनं स्वतःच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

इथून पुढं सोपं असेल असं मला वाटलं होतं, तसं नव्हतं. दानपत्रावर सगळ्या वारसांची संमती लागते. आई, मी, भाऊ, आत्या आणि मुंबईचे काका. सरांनी आधीच सांगितलं होतं की दान बिनशर्त असतं, एकदा दिलेली वस्तू परत मागता येत नाही, आणि ती कायम मांडलेली असेल असं वचनही संग्रहालय देत नाही. काकांना यातलं शेवटचं पटेना. "कपाटात बंद करून ठेवणार असतील तर आपल्या कपाटात काय वाईट?" चुलतभावाचं म्हणणं होतं की जुन्या वस्तूंना शहरात चांगले पैसे येतात. पाच दिवस फोन चालले. मी काकांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं सांगितलं. चष्म्यांचा व्यवसाय करणारा माणूस, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं करतो, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे जमवतो आणि १९७५ साली ते सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन करतो. सुमारे २० हजार वस्तू, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. बाकीच्या आत आहेत म्हणून वाया गेल्या का? काका गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सही केलेला कागद पाठवला, सोबत दुकानाच्या पाटीचा एक फोटोही, जो आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

पोचा आलेल्या शेराचं काय करायचं, हा प्रश्न राहिलाच. भावाचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मी सरांना चाचरतच विचारलं. ते लगेच म्हणाले, "ते घरीच ठेवा. फोटो काढू, आत्याबाईंनी सांगितलं ते सगळं लिहून ठेवू. वस्तू तुमच्याकडे, नोंद आमच्याकडे." संग्रहालयाला असंही करता येतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच घरांना ठाऊक नसेल. जीव अडकलेली वस्तू द्यायलाच हवी असं नाही. तिची हकीकत तेवढी सांगून ठेवा.

वस्तू पोचवायला गेले तेव्हा कळलं की दिवाळीत संग्रहालय बंद असतं. एकच शिपाई, त्यालाही सण आहे. आणि पुण्या-मुंबईची मंडळी मुलांना घेऊन गावी येतात ती नेमकी याच दिवसांत. मी आणि वाचनालयातल्या तिघा-चौघांनी वसुबारस ते भाऊबीज रोज तीन तास बसायचं कबूल केलं. लक्ष्मीपूजनाला फक्त सकाळी.

त्या दिवसांत कामं शिकले. धातूवर नंबर थेट लिहीत नाहीत. आधी पारदर्शक लेपाचा बारीक पट्टा, त्यावर शाईनं आकडा, वर पुन्हा लेप, म्हणजे उद्या काढायचा झाला तर वस्तूला इजा नाही. कापडाला नंबराची पट्टी टाक्यानं शिवायची. कागदाला मऊ पेन्सिलच. कपाटात ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या पुड्या असतात, खडे गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे. ते काम माझ्याकडे आलं आणि मी ते घरच्या कढईत केलं. नंतर त्या कढईत काही शिजवायचं नाही, हे आईनं आणि सरांनी दोघांनीही बजावलं.

दाराजवळ टेबल टाकून मी वही घेऊन बसायचे. तिकीट दहा रुपये, आणि बाहेर पडताना एकच प्रश्न: तुमच्या घरी काय आहे? एका आजींनी नातवाला कापूस पिंजायची धनुकली दाखवली आणि तिचा आवाज तोंडानं काढून दाखवला. तो आवाज मी अक्षरांत लिहून घेतला, जमेल तसा. एक शेतकरी दादा रुमालात चार तांब्याची नाणी घेऊन आले, नांगरताना सापडलेली. मला वाटलं, सर खूश होतील. पण सरांनी नाणी हातातही घेतली नाहीत. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांवर मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानं ते कलेक्टरला कळवावं लागतं. सरांनी त्यांना अर्ज लिहून दिला आणि तहसीलदार कचेरीत कुणाला भेटायचं तेही सांगितलं. नाणी कुठल्या गटात, किती खोल सापडली, हे मात्र तिथेच विचारून घेतलं. मला त्या नियमाबद्दल आदर वाटला. रुमालातून फिरणाऱ्या नाण्याचं शेत हरवतं, आमच्या सहा शेरांचे मालक हरवले तसंच.

वह्यांचं काम सर्वांत हळू चाललं. सगळ्यांत जुनी रोजकीर्द शके १८५७ ची, म्हणजे १९३५ ची, मोडी लिपीत. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेषा ओढतात, मग हात न उचलता खाली अक्षरं सोडत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मला त्यातलं "श्री" आणि आकडे एवढंच ओळखता आलं. मोडी वाचणारे एक गृहस्थ पाडव्याला, २ नोव्हेंबरला, संग्रहालयात आले. व्यापाऱ्यांचं नवं वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागतं, वहीही त्या दिवशी नवी. त्यांनी मुद्दाम तेच पान उघडलं. वर हळदी-कुंकवाची बोटं उमटलेली होती, अजून स्पष्ट. पहिली नोंद गुळाची. दुसरी, एका बाईला उधार दिलेल्या पणतीच्या तेलाची, आणि तिच्यापुढे नंतर वेगळ्या शाईत "माफ".

पैशांचंही सांगते, कारण लोक विचारतात. वस्तू दिल्यावर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. संस्थेला करसवलतीची मान्यता (तेव्हा कलम ८०-जी खाली) असेल तर पैशांच्या देणगीवर मिळते, पण दोन हजारांच्या वर रोखीनं दिलेली धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती सवलतच नाही. आम्ही भावंडांनी त्या वर्षी एकमेकांना कपडे घेतले नाहीत, ते पैसे चेकनं दिले. त्यातून व्हरांड्यातल्या ट्यूब काढून मंद दिवे लागले. जुन्या कागदाला ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड सोसत नाही, तिथे तर दिवसभर कडक ट्यूब जळत होत्या.

भाऊबीजेला आत्या कोल्हापूरहून आली. काकांना ओवाळून झाल्यावर म्हणाली, मला वर घेऊन चल. जिना उंच आहे, दर चार पायऱ्यांवर थांबत गेलो. आमची वजनं अजून मांडलेली नव्हती, टेबलावर ओळीनं ठेवली होती. तिनं नवटाक उचलून तळहातावर तोललं, मग सरांना म्हणाली, "लिहून घ्या, हे साखरेचं. साखरेला दुसरं वजन लावायचे नाहीत अण्णा, मुंग्या लागतात म्हणून." सरांनी वही उघडली, टोपण काढलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.