माल कुठला, जाणार कुठं

रत्नागिरीजवळ काकांची आंब्याची शेड आहे. तिथला हिशेब गेली काही वर्षं मी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. भाषा क्लोजर, रिच हिकी यांनी २००७ साली आणलेली. हापूस पेटीतल्या डझनावर, कॅनिंगचा आंबा किलोवर, रायवळ शेकड्यावर. हे सगळं मी एकाच फंक्शनमध्ये 'कॉन्ड' (एकामागून एक अटी तपासणारी रचना) लावून कोंबलं होतं. दर हंगामात त्याला एक फांदी फुटायची, आणि रायवळला हात लावला की हापूसचा हिशेब बिघडायचा.

मग मल्टिमेथड, म्हणजे आलेली नोंद बघून कुठला कोड चालवायचा ते ठरवणारी सोय, वापरायला घेतली. 'डेफमल्टी'ला एक छोटं फंक्शन द्यायचं. ते आलेल्या नोंदीकडे बघून एक व्हॅल्यू काढतं, आणि त्या व्हॅल्यूच्या नावाने लिहिलेली 'डेफमेथड' चालते. माझ्या सगळ्या नोंदी साधे मॅप (नाव आणि त्यापुढे त्याची व्हॅल्यू, अशी यादी) आहेत. प्रोटोकॉल ही क्लोजरची दुसरी सोय फक्त पहिल्या आर्ग्युमेंटचा टाइप बघते, आणि माझ्या नोंदींचा टाइप एकच, त्यामुळे तिचा इथे उपयोग नव्हता. क्लोजरमध्ये कीवर्ड (कोलनने सुरू होणारं नाव) स्वतःच फंक्शनसारखा चालतो, मॅपमधून आपली व्हॅल्यू काढून देतो, म्हणून डिस्पॅचच्या, म्हणजे त्या छोट्या फंक्शनच्या, जागी नुसतं ':प्रकार' लिहून भागलं.

काकांना दाखवलं तर म्हणाले, "अगो, नुसता प्रकार काय विचारतेस? माल कुठला नि जाणार कुठं, दोन्ही विचार. दर मग."

बरोबरच होतं त्यांचं. वाशीला जाणाऱ्या पेटीला भाडं आणि हमाली लागते, शेडवरच विकलेल्या पेटीला नाही. डिस्पॅच फंक्शन बदलून प्रकार आणि ठिकाण अशी जोडी परत द्यायला लावली, जुन्या मेथड काढल्या, नव्या लिहिल्या, फाइल रेपलमध्ये (ओळ लिहिली की लगेच चालवून उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत) पुन्हा लोड केली. बिल मात्र जुनंच येत राहिलं! दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी एकेक ओळ हाताने चालवली, तेव्हा डेफमल्टीच्या ओळीखाली व्हारचं (नव्याने बांधलेलं) नाव यायच्या ऐवजी 'निल', म्हणजे काहीच नाही, आलेलं दिसलं. त्या नावावर आधीच मल्टिमेथड असेल तर डेफमल्टी काहीच करत नाही, चूकही दाखवत नाही. जुना डिस्पॅच आणि फाइलमधून काढलेल्या जुन्या मेथड, सगळं मेमरीत जिवंत होतं. नाव आधी निलला बांधलं, मग पूर्ण फाइल लोड केली, आणि वाशीचं भाडं बिलात आलं.

दुसरी चूक जास्त लागली. ओळखता न आलेल्या नोंदीसाठी मी ':डिफॉल्ट' मेथड ठेवून त्यात शून्य परत देत होते. एका नोंदीत 'कॅनिंग'च्या जागी दीर्घ 'कॅनींग' टाइप झालं. क्लोजरला ते दोन वेगळे कीवर्ड. अख्ख्या गाडीचं बिल शून्य रुपये छापलं गेलं, आणि ते पकडलं काकांनी, मी नाही. डिफॉल्ट मेथडच नसती तर क्लोजरने तिथेच एरर देऊन थांबवलं असतं. पैशाच्या हिशेबात गप्प बसणारा डिफॉल्ट ठेवूच नये, असं माझं ठाम मत झालंय. आता माझा डिफॉल्ट आलेली जोडी जशीच्या तशी छापून एरर फेकतो.

यंदा मे महिन्यात काकांनी कोकमही घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी वेगळ्या फाइलमध्ये दोन डेफमेथड लिहिल्या, एक शेडवरची, एक वाशीची. आंब्याची फाइल उघडावी लागली नाही.