‘चर्चा झाली’ आणि ‘ठरले’

कोणत्याही नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय ठरलेला असतो, तो म्हणजे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय पुकारला जातो, कोणीतरी ‘वाचले असे समजावे’ म्हणतो, दुसरा बसल्या जागेवरून ‘अनुमोदन’ म्हणतो आणि लिपिक पान उलटतो. गेल्या महिन्यात कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या मूळ गावी ज्या सभेला मी श्रोता म्हणून बसलो होतो, तिथे मात्र या एका विषयाला सव्वा तास लागला. उरलेले चौदा विषय त्यानंतरच्या पाऊण तासात उरकले.

माझे उभे आयुष्य पुण्यात गेले आणि त्यातली सत्तावीस वर्षे मी एका सार्वजनिक संस्थेत सभांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम केले. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा माझा हात आपोआप पेनाकडे जातो आणि घरचे हसतात. गावाचे नाव मी इथे लिहिणार नाही, कारण पंधरा-सोळा हजार वस्तीच्या गावाचे नाव घेतले की पद सांगताच माणूस ओळखू येतो आणि या हकिगतीतील कोणालाही मला उघडे पाडायचे नाही.

सभेला जाण्यामागे माझा स्वार्थ होता. आमचे जुने घर मासळी बाजाराच्या मागच्या आळीत आहे. बाजाराचे सांडपाणी घेऊन जाणारे गटार आमच्या कुंपणाला खेटून खाडीकडे जाते. या गटाराला उतार जवळजवळ नाहीच. त्यात खवले, कोळंबीची टरफले आणि माशांची चरबी यांचा थर बसतो, बर्फाच्या पेट्यांतून फुटलेला थर्माकोल अडकतो आणि पाणी तुंबते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत हे कसेबसे निभावते, पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी गटाराच्या तोंडातून उलटे आत शिरते आणि पावसाळ्यात नेमकी मोठी सर त्याच वेळी आली, तर बाजारातले सगळे पाणी आमच्या आणि शेजारच्या चार घरांच्या अंगणात येते. गटाराच्या तोंडाशी भरतीच्या दाबाने आपोआप मिटणारी झडप बसवावी, बाजारातून पाणी बाहेर पडते तिथे जाळी आणि गाळ बसण्यासाठी चेंबर करावा आणि मधला भाग पुन्हा उतार काढून बांधावा, असा हा साधा उपाय आहे. तो गेली कित्येक वर्षे सर्वांना माहीत आहे.

मध्यंतरी गावात विचारायला कोणी नव्हते. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि राज्यभरातल्या नगरपरिषदांप्रमाणे आमच्या गावावरही प्रशासक बसले. आम्हा पुणेकरांना हे नवे नाही, कारण इथेही मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ सभागृह रिकामेच होते. प्रशासकाच्या काळातही ठराव होतातच, पण ते मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमलात आणणारा अधिकारी एकच असतो. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ म्हणायला हवा, कारण स्वतःशीच कोण कशाला वाद घालील? नगरपरिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या, नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले आणि नव्या सभेच्या पहिल्याच सर्वसाधारण बैठकीत गटाराचा विषय आला. चुलत भावाने रात्री फोन करून सांगितले, “दादा, काम झालं म्हण. पावसाच्या आधी करायचं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.” महिन्याभराने त्यानेच पुढच्या सभेची विषयपत्रिका आणि सोबत जोडलेले इतिवृत्त व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यात ओळ अशी होती : ‘मासळी बाजारालगतच्या गटाराचे काम निधीच्या उपलब्धतेनुसार हाती घेण्याबाबत चर्चा झाली.’

ती ओळ वाचून मी स्वारगेटवरून रात्रीची एसटी पकडली, असे म्हटले तर अतिशयोक्ती वाटेल, पण घडले तसेच.

‘चर्चा झाली’ हे दोन शब्द मी स्वतः किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. दोन गट हमरीतुमरीवर आले, कोणी माइक ओढला, कोणी राजीनाम्याची धमकी दिली, की इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’. साहेबांनी भर सभेत दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी त्यांनाच जड वाटू लागला, की मसुदा माझ्या टेबलावर परत येई आणि ‘ठरले’ खोडून तिथे ‘चर्चा झाली’ असे पेन्सिलीने लिहिलेले असे. मी ते मुकाट्याने टंकायला देत असे. ‘ठरले’ म्हटले की कोणाला तरी काम करावे लागते, ‘चर्चा झाली’ म्हटल्याने कोणाचेच काही अडत नाही. तेव्हा ही भाषा मला सफाईची वाटत होती, आणि तिच्या पलीकडच्या बाजूला कोणाचे अंगण असते हे कुंपणाला पाणी लागेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

सभागृह म्हणजे नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली होती. प्रेक्षकांसाठी सज्जा वगैरे नाही, दारापाशी चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एवढीच सोय. नगरपरिषदेची सभा एरवी जनतेला खुली असते, तरी मी आदल्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज देऊन ठेवला होता. तो वाचताना आवक-जावक पाहणाऱ्या मुलाने माझ्याकडे दोनदा पाहिले, कारण सभा ऐकायला कोणी येते हेच त्याला नवीन होते. हजेरीच्या रजिस्टरवर सह्या झाल्या, पाण्याच्या बाटल्या फिरल्या, नगराध्यक्षा स्थानापन्न झाल्या आणि पहिला विषय पुकारला गेला. कोणीतरी सवयीने ‘वाचले असे समजावे’ म्हणाले.

“वाचलं असं समजू नका, वाचा,” असे म्हणत मधल्या रांगेतून एक नगरसेविका उठल्या. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यांपैकी एका जागेवर त्या प्रथमच निवडून आल्या होत्या आणि सभेच्या दिवसापुरता बाजारातला गाळा त्यांनी सुनेवर सोपवला होता. त्यांच्या हातात शाळेतल्या मुलांची असते तशी दोनशे पानी वही होती. लिपिकाने विषय क्रमांक नऊपर्यंत वाचत नेले, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि वहीतले पान उघडून, बोट ठेवून, एकेक शब्द सुटा करत वाचले : “गटार पावसाच्या आधी पुरे करायचे, असे सगळ्यांचे ठरले. सीओसाहेब म्हणाले, आठ दिवसांत अंदाजपत्रक करतो. वेळ बारा वीस.” मग वही मिटून त्यांनी विचारले, “मॅडम, ह्यातलं कागदावर काय आलंय?”

आपण बोलतो ते कोणीतरी वेळेसकट उतरवून घेते आहे, हे कळल्यावर खोलीत पसरणारी शांतता मी नोकरीत दोनचारदाच अनुभवली आहे.

मुख्याधिकारी, म्हणजेच वहीतले ‘सीओसाहेब’, तरुण होते आणि त्यांनी उडवाउडवी केली नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. त्यांनी जे सांगितले ते असे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के भाग बंधित असतो, तो पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येतो. गटार त्यात बसवता येईल. पण निवडून आलेली सभा नसल्यामुळे मधल्या काळातले अनुदान अडले होते आणि या आयोगाची मुदत तर मार्च २०२६ अखेर संपते. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश या पायऱ्या चुकत नाहीत. शिवाय गटाराचे तोंड भरतीरेषेच्या आत येत असल्याने किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीशिवाय तिथे झडपेसाठी काँक्रीट ओतता येणार नाही. ही किनाऱ्याची बंधने १९९१ च्या अधिसूचनेपासून आहेत आणि २०११ व २०१९ मध्ये ती नव्याने आली. अशा स्थितीत ‘पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावे’ असा ठराव कागदावर राहिला आणि काम झाले नाही, तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप त्यांच्या नावावर निघणार. म्हणून त्यांनी ‘व्यवहार्य’ भाषा वापरली.

यातली प्रत्येक गोष्ट खरी होती आणि तरीही त्यांचे म्हणणे चूक होते. मला उठून बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यामुळे मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसलो. इतिवृत्त कायम करताना सभेपुढे एकच प्रश्न असतो : जे लिहिले आहे, ते त्या दिवशी घडले होते का? ठराव शहाणपणाचा होता की अव्यवहार्य, हा तेव्हाचा प्रश्नच नव्हे. निर्णय चुकला असे वाटत असेल, तर तो नियमाप्रमाणे पुन्हा सभेपुढे आणावा. ठराव बेकायदेशीर किंवा जनहिताला बाधक वाटला, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. एवढे रस्ते मोकळे असताना लेखणीने ठराव मऊ करण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिलेला नाही, लिपिकाला तर नाहीच.

चर्चा तासभर गोल फिरली. विरोधी गटनेत्यांना अचानक लोकशाही आठवली. सत्ताधारी बाकावरच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘एका शब्दासाठी सभेचा वेळ का घालवता?’ असे विचारले. गटारापेक्षा मोठे विषय पुढे आहेत, असेही ते म्हणाले, आणि हे मात्र खरे होते. किनाऱ्यावरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विषय तेराव्या क्रमांकावर होता.

मला त्या वेळी महात्मा फुले आठवत होते. ते १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते आणि आज पुणे महापालिकेच्या सभागृहाला त्यांचेच नाव आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला तेव्हा, हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असे सांगून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. उरलेले सगळे सदस्य प्रस्तावाच्या बाजूने होते. तिथे कोणा लिपिकाने ‘सविस्तर चर्चा होऊन प्रस्ताव मंजूर’ एवढेच लिहून विषय संपवला असता, आणि ते तंत्रदृष्ट्या खोटेही ठरले नसते, तर ते एकटे मत आपल्यापर्यंत कशाच्या आधारे पोहोचले असते?

अखेर नगराध्यक्षांनी सोपा मार्ग काढला. त्यांनी आळीपाळीने सर्व सदस्यांना विचारले की, त्या दिवशी ‘ठरले’ असा शब्द उच्चारला गेला होता की नाही. अकरा जण ‘हो’ म्हणाले, तिघांना आठवत नव्हते आणि ‘नाही’ म्हणणारा एकही निघाला नाही. मग लिपिकाने लाल शाईच्या पेनाने जुनी ओळ एका रेघेने खोडली, ती वाचता येईल अशी राहू दिली, वर नवी ओळ लिहिली आणि नगराध्यक्षांनी तिथे तारखेसह छोटी सही केली. खोडलेले वाचता आले पाहिजे, हा या कामातला पहिला धडा आहे, तो त्या मुलाला कोणी शिकवला असेल त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. मुख्याधिकाऱ्यांनी निधी आणि परवानगीबाबतचे आपले म्हणणे त्याच दिवशीच्या कामकाजात स्वतंत्रपणे नोंदवावे, अशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

पुढचे विषय धावत गेले. पाणीपट्टीची थकबाकी, पथदिव्यांची देखभाल, पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळाचा ठेका, सगळे ‘मंजूर, मंजूर’. बंधाऱ्याच्या विषयावर पत्तन (बंदरांची कामे पाहणाऱ्या) विभागाशी पत्रव्यवहार करण्याचे ठरले आणि त्याला चार मिनिटेही लागली नाहीत. सर्वांत शेवटी आले ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. तोपर्यंत वडे आले होते आणि वड्यांच्या वासात मंजूर झालेल्या त्या तीन विषयांची नावेसुद्धा मला नीट ऐकू आली नाहीत. दोनशे पानी वहीतही ती उतरली नसावीत, कारण त्या नगरसेविकांच्या हातातही प्लेट होती.

खाली उतरताना मी त्यांना नमस्कार केला आणि इतक्या नेमकेपणाने लिहून घेण्याची सवय कशी लागली, असे विचारले. त्या म्हणाल्या, “लिलावात पाटीला काय भाव लागला ते तिथल्या तिथं लिहिलं नाही, तर संध्याकाळी हिशेबाला प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो, काका.”

पुण्याला परतल्यावर मी त्या इतिवृत्ताच्या प्रमाणित प्रतीसाठी रीतसर अर्ज पाठवला. प्रत टपालाने आली, लाल ओळ झेरॉक्समध्ये काळी उमटली आहे, पण वाचता येते. काल भावाचा फोन आला. काम सुरू झालेले नाही. मात्र दोन माणसे दुर्बीण आणि पट्टी घेऊन आली होती, त्यांनी बाजारापासून खाडीपर्यंत पातळ्या घेतल्या आणि आमच्या कुंपणाच्या तिसऱ्या चिऱ्यावर तांबड्या रंगाची आडवी खूण करून गेली. ती खूण पुसू नकोस, असे मी त्याला दोनदा सांगितले.