मागचे दहा धरून

बुधवारी गंगेवरच्या बाजारात मी ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्यांना कॅल्क्युलेटर लागत नाही. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पाहुणे दरवेळी बुचकळ्यात पडतात.) "मागचे दहा, नि मेथीचे वीस, तीस. तीस नि वांगी पंधरा, पंचेचाळीस..." त्यांच्या डोक्यात एका वेळी दोनच आकडे: आतापर्यंतचा आणि आत्ताचा. मेथी एकदा तिसात गेली की मेथी म्हणून उरत नाही.

माझं पोट कोड लिहिण्यावर चालतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत याच कामाला रिड्यूस नावाचं फंक्शन, म्हणजे तयार कृती, आहे. त्याला एक यादी द्यायची, दोन गोष्टी एकत्र कशा करायच्या ते सांगायचं आणि सुरुवात कशापासून तेही सांगायचं. मग ते एकेक घटक उचलतं, जमलेल्यात मिसळतं आणि नवी जमा घेऊन पुढच्याकडे जातं. जुन्या खतावणीत पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' असा आकडा असायचा, तोच हा. बायकोने एकदा विचारलं, "रिड्यूस म्हणजे कमी करणं ना? मग बेरीज कशी होते?" म्हटलं, आटवणं म्हण. लिटरभर दुधाची वाटीभर बासुंदी. तिला लगेच पटलं. मला मात्र हे सुचायला दहा वर्षं लागली.

मावशींच्या 'मागचे दहा'चं मोल मला फार उशिरा कळलं. एका कामात दिवसभरातल्या ऑर्डरींची बेरीज करायची होती, आणि सुरुवातीची किंमत मी दिलीच नव्हती. तशी न दिली तर रिड्यूस पहिल्या घटकालाच जमा धरतं आणि दुसऱ्यापासून पुढे निघतं. महिनोन्‌महिने सगळं बिनबोभाट चाललं. मग दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस असा आला की एकही ऑर्डर नाही. रिकाम्या यादीत पहिला आणायचा कुठून? प्रोग्राम आडवा. एक शून्य लिहिलं असतं तर भागलं असतं. घाईघाईत लिहिलंही, पण अवतरणचिन्हांत! अवतरणातलं शून्य म्हणजे आकडा नव्हे, अक्षर. वीस नि पंधरा मिळून पस्तीस व्हायच्या जागी ते एकमेकांना चिकटून ०२०१५ झाले. त्या दिवशीची विक्री पाहून मालक क्षणभर हरखला म्हणे.

पण रिड्यूस म्हणजे नुसती बेरीज नव्हे. रामकुंडाजवळचा आमचा दुतोंड्या मारुती घ्या. पावसाळ्यात सगळं शहर एकच विचारतं: पाणी मारुतीच्या कुठवर आलं? गुडघा, कंबर, छाती. घरातली म्हातारी माणसं दरवर्षीचा पूर मनातल्या सगळ्यात मोठ्या पुराशेजारी उभा करतात. नवा मोठा निघाला तर तो ठेवायचा, नाहीतर जुनाच. आमच्याकडे १९६९ बसलाय तो बसलाच आहे. २००८ आला, २०१६ आला. "मोठा होता, पण एकोणसत्तरचा..." झालं, पुढचं ऐकायचं.

पायथॉन भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसम याला मात्र रिड्यूस डोळ्यासमोर नको होतं. २००५ मध्ये त्याने लिहिलं की साधी बेरीज-गुणाकार सोडून कुठे रिड्यूस दिसलं, तर ते काय करतंय हे कळायला कागद-पेन घ्यावं लागतं. २००८ च्या पायथॉन ३ मध्ये ते खरंच माजघरातून उचलून माळ्यावर, फंकटूल्स नावाच्या डब्यात गेलं. मी स्वतः लिहिलेली काही रिड्यूस सहा महिन्यांनी उघडली की तो माणूस बरोबर होता असं वाटतं. पण बेरजेपुरतं मला त्याच्यासारखं सुटसुटीत दुसरं काही दिसत नाही.

परवा मावशी म्हणाल्या, "सत्तर झाले दादा." मी सहज विचारलं, "त्यात मेथी कितीची धरली?"

त्यांचा चेहरा पडला. "मोडलं ना सगळं! थांबा." आणि मेथीपासून नव्हे, थेट पहिल्यापासून: "मागचे दहा, नि मेथी वीस, तीस. तीस नि वांगी पंधरा, पंचेचाळीस. आलं-लसूण पंचवीस, सत्तर." मग पिशवीकडे पाहून, "नि कोथिंबीर दहा. ती मघाशी धरलीच नव्हती. ऐंशी द्या."

ती जुडी वरून फुकट टाकलीय, असं मी आपलं धरून चाललो होतो.