बुधावरचा दिवस आणि सातवीतली एक मुलगी

फिरतं तारांगण, म्हणजे हवेने फुगवायचा कापडी घुमट, घेऊन मी शाळाशाळांतून फिरते. लोकांना वाटतं तारे दाखवायचं काम, पण निम्मा वेळ जातो तो फरशीवरचे खडे वेचण्यात (घुमटाच्या कापडाला भोक पडलं की दिवस गेला), ब्लोअरला सलग वीज देईल असा प्लग शोधण्यात आणि पोरांच्या चपला बाहेर काढून घेण्यात. एक बॅच आत, रेकॉर्ड केलेला शो, बाहेर, लगेच पुढची. प्रश्नांना वेळच ठेवलेला नसतो. शाळांना "इतक्या विद्यार्थ्यांनी लाभ घेतला" असं अहवालात लिहायचं असतं, त्यामुळे हे बदलत नाही.

सिन्नर बाजूच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीची बॅच आत होती. शोमध्ये ग्रहांचा तक्ता येतो, बुध, दिवस 59, वर्ष 88 (दोन्ही पृथ्वीच्या दिवसांत), आणि अंधारातून एका मुलीने विचारलं, "ताई, हा दिवस सूर्य उगवल्यापासून मोजलाय का?"

हा प्रश्न मला आजवर कुठल्या शिक्षकानेही विचारला नव्हता.

मी काही बोलायच्या आत तिचे सर म्हणाले, "अगं बस कर आता." मग त्यांनीच सांगितलं. तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत प्रश्न होता, बुधावरचा एक दिवस पृथ्वीच्या किती दिवसांएवढा, हिने लिहिलं 176, उत्तरसूचीत 59, मार्क गेला आणि शाळा पुढच्या फेरीत गेली नाही. तेव्हापासून ही ऐकत नाहीये. सर वाईट नव्हते, पण गाइडमध्ये छापलंय म्हणजे संपलं, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

मी शो थांबवला. मागची बॅच उन्हात उभी होती, तरी थांबवला. आमच्याकडे स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्यात नुसतं पृथ्वीवरूनच आकाश बघायचं असं काही नाही, F6 दाबून ठिकाण बदललं की बुधावर जाऊन उभं राहता येतं. विषुववृत्तावरची एक मुद्दाम निवडलेली जागा टाकली आणि L दाबत दाबत वेळ पळवायला लागले. बुधावर हवा नाही, त्यामुळे आभाळ काळंच राहतं आणि त्यात आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा सूर्य. तो क्षितिजावर आला, थोडा वर सरकला, थांबला, आणि परत खाली गेला. घुमटात जो आरडाओरडा झाला! मग तो पुन्हा उगवला आणि यावेळी चढत गेला. बुध सूर्याच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा त्याचा पुढे पळायचा वेग स्वतःभोवती फिरण्याला मागे टाकतो, म्हणून आठवडाभर सूर्य उलटा सरकताना दिसतो आणि बुधावर काही ठरावीक ठिकाणीच हा दोनदा सूर्योदय होतो. मला हे दाखवायला प्रचंड आवडतं आणि रेकॉर्ड केलेल्या शोमध्ये याचा एक सेकंदही नाही.

त्या मुलीने मात्र ओरडा केला नाही. म्हणाली, "दोनदा उगवला तर मोजायचं कुठून?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच, "डोक्यावरून डोक्यावर मोजू."

मोजलं. कोपऱ्यातल्या तारखेवर सगळ्यांची नजर. माथ्यावर आलेला सूर्य पुन्हा माथ्यावर यायला 176 दिवस.

मी विचारलं, तुला आधी कसं कळलं? तिने बाहेर नेऊन दाखवलं. झेंड्याचा खांब म्हणजे सूर्य. मैत्रिणीला खांबाकडे तोंड करून उभी केली आणि स्वतःभोवती गिरकी घेत खांबाला चक्कर मारायला लावली, दोन चकरांत तीन गिरक्या (88 दुणे 176, 59 त्रिक जवळजवळ तेवढेच, हे तिने तक्त्यातूनच ताडलेलं). गिरक्या शाळेच्या भिंतीकडे बघून मोजायच्या. पहिली चक्कर संपली तेव्हा मैत्रिणीची पाठ खांबाकडे, म्हणजे मध्यरात्र. दुसरी संपली तेव्हा तोंड परत खांबाकडे. तीन गिरक्यांतल्या दोन चकरांनी खाल्ल्या, उरला एक दिवस. आपल्या पृथ्वीचंही तेच आहे, वर्षात गिरक्या 366 होतात आणि दिवस 365 मिळतात, फक्त आपल्याकडे फरक रोजचा चार मिनिटांचा, म्हणून लक्षात येत नाही.

म्हणजे 59 खोटं नाही, ती गिरकी आहे, ताऱ्यांच्या हिशोबाने. पण "दिवस" विचारल्यावर पोरगी सूर्योदयाचा विचार करणार नाही तर कशाचा? प्रश्न काढणाऱ्याने "स्वतःभोवती एक फेरी" एवढं लिहिलं असतं तर मिटलं असतं. आणि ही 59 तरी कधीची? 1965 पर्यंत सगळी पुस्तकं 88 म्हणत होती, पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या रडारने ते खोडलं.

मग आम्ही खांबाजवळच बसलो. वर्षांचं या पोरांना फार सांगावं लागत नाही. नाशिक जिल्हा, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो कारण गुरू बारा वर्षांनी सिंहेत परततो, हे आजीकडून कळलेलं असतं. साडेसाती म्हणजे शनीच्या तीन राशी, एकेक अडीच वर्षांची, मग बारा राशींची किती? तीस, पोरांनीच सांगितलं. कारण सरळ आहे, लांबच्या ग्रहाची वाटही लांब आणि चालही मंद. बुध सेकंदाला 47 किलोमीटर, आपण 30, नेपच्यून जेमतेम साडेपाच. नेपच्यूनची वाट आपल्या 30 पट आणि चाल साडेपाच पट कमी, गुणा, 165 वर्षं.

"मग दिवसाचा असा नियम सांगा," ती म्हणाली. नाहीये. गुरू एवढा अवाढव्य तरी दहा तासांच्या आत गिरकी मारतो, इवलासा मंगळ साडेचोवीस तास घेतो. ग्रह बनताना कोण कुठून येऊन आदळलं आणि नंतर कोणी किती ओढलं, त्यावर सगळं. बुधाला सूर्याने ओढून ओढून मंद केलं आणि कक्षा लांबट असल्यामुळे तो दोनास तीन या हिशोबावर अडकला. आपली गिरकी चंद्र मंद करतोय. शुक्र तर उलटाच फिरतो, 243 दिवसांना एक गिरकी, वर्ष 225 चं, पण उलटा असल्यामुळे चक्कर वजा न होता मिळवली जाते आणि सूर्य 117 दिवसांतच परत माथ्यावर येतो. तो उलटा का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, कोणी मोठी धडक म्हणतं, कोणी त्याच्या जाड वातावरणाची ओढ. हे ऐकून तिचं समाधान झालं नाही आणि ते मला फार आवडलं.

आयोजकांना आम्ही पत्र लिहिलंय, खांबाच्या आकृतीसकट, खाली सरांची सही आहे. त्यांनी स्वतःहून केली. मार्क मिळेल असं मला वाटत नाही. शोमधला तक्ता मात्र बदलून घेतला, आता गिरकी, दिवस आणि वर्ष असे तीन रकाने आहेत, आणि प्रत्येक बॅचला दहा मिनिटं जास्त लागणार असं शाळांना आधीच सांगते. दोन शाळांनी त्यावरून नाही म्हटलं.