शके ८२२ चा सोमवार

मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात, फिलिपाइन्समध्येच सापडलेल्या लगुना ताम्रपटासमोर उभा राहिलो, तेव्हा त्याचे लिप्यंतर मला जवळजवळ पाठ होते. तरीही पहिली ओळ पुटपुटताना आवाज कापला. ‘स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाखमास’ आणि पुढे चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. इ. स. ९०० मधील २१ एप्रिलचा तो दिवस. त्या सुमारास दख्खनमध्ये राष्ट्रकूट दुसरा कृष्ण राज्य करत होता, आणि त्या घराण्याच्या ताम्रपटांतील ‘शकनृपकालातीत’ ही अक्षरे लावण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. वीतभर उंचीच्या त्या पत्र्यावरील दहा ओळींमध्ये मला घरची कालगणना भेटली.

“हा तर आमच्याच परंपरेतला ताम्रपट,” असे मी सोबतच्या संशोधक बाईंना उत्साहाने म्हणालो. त्या तागालोगभाषी, वयाने माझ्याहून थोरल्या. त्यांनी काही न बोलता काचेवरून बोट फिरवले आणि एका शब्दापाशी थांबवले : ‘हुतांग’. “कर्जाला आम्ही आजही उतांग म्हणतो,” त्या म्हणाल्या, “आणि जे उपकार फिटत नाहीत, त्यांना उतांग ना लोओब. लोओब म्हणजे आतले, अंतःकरण.”

मग मी तो लेख नव्याने वाचला. लिपी कावी, म्हणजे जावा बेटावरची जुनी लिपी, भाषा मुख्यतः जुनी मलय, त्यात संस्कृत शब्दांची दाट पेरणी. आपल्याकडच्या बहुतेक ताम्रपटांत राजा भूमिदान देतो आणि ते चंद्रसूर्य असेतोवर चालावे म्हणतो. इथे मात्र नाम्वरान नावाच्या माणसाचे १ काती आणि ८ सुवर्ण (ही दोन्ही वजनाची मापे) एवढे सोन्याचे ऋण फिटल्याची नोंद आहे, आणि ती मुक्ती त्याच्या मुला-नातवंडांनाही लागू केली आहे. हा दस्तऐवज तुंडुनच्या अधिकाऱ्याने दिला. तुंडुन म्हणजे आजचे मनिलातील तोंडो, असे या लेखाचे वाचन करणारे आंतोन पोस्टमा यांचे मत. दस्तऐवजाला शब्द वापरला आहे ‘विशुद्धपत्र’. मराठीत शुद्धिपत्र म्हटले की पुस्तकातील छपाईच्या चुका आठवतात. तिथे त्याच धातूतून आलेल्या शब्दाने एका कुटुंबाच्या मानेवरचे जोखड उतरवले होते. तारीख, पक्ष, वार ही आपल्या ओळखीची चौकट खरी, पण तिच्या आत त्या समाजाचा स्वतःचा व्यवहार आहे, आणि मी तासभर चौकटीकडेच पाहत राहिलो होतो. त्या बाईंचा मी कायमचा ऋणी आहे.

शेवटची ओळ आम्ही दोघांनी मिळून वाचली. पुढेमागे कोणी म्हणेल की हे कर्ज अजून फिटलेले नाही, अशी शंका तिथे व्यक्त केली आहे आणि पुन्हा त्या माणसाचा आदरार्थी उल्लेख सुरू होतो : ‘दांग ह्वा’. ‘ह्वान’ मधला ‘न’ उमटण्याआधीच पत्रा संपतो. दुसरा पत्रा असणार, पण तो आजवर सापडलेला नाही.