तीस जूनच्या आत: वरुडातून सर्व्हर हलवताना

सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत ३० जून २०२४ ला संपणार, हे सर्व्हर चालवणाऱ्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. त्या तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद. आमच्या ग्राहकांच्या सगळ्या वेबसाइट त्याच सिस्टिमवर होत्या: अमरावती जिल्ह्याच्या वरुड-मोर्शी भागातली कॉलेजं, पतसंस्था, जिनिंग, मंगल कार्यालयं, शेंदुरजना घाटच्या संत्रा नर्सऱ्या. हे सगळं नव्या सर्व्हरवर नेण्याचं काम मी आणि माझ्यासोबत काम करणारी बेनोड्याची मुलगी, अशा दोघींनी केलं. ते कसं झालं, कुठे अडलं, ते सविस्तर लिहिते आहे. तालुक्याच्या गावात असा धंदा करणाऱ्या कोणाला तरी ते कामी येईल.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांना वाटतं, सर्व्हर ऑफिसच्या मागच्या खोलीत ठेवलेला आहे. तो तिथे नसतो. आम्ही डेटा सेंटरमध्ये सर्व्हर भाड्याने घेतो, त्यावर कंट्रोल पॅनेल, म्हणजे साइट सांभाळायचं सॉफ्टवेअर, टाकतो आणि ग्राहकांना जागा देतो. जुना सर्व्हर परदेशात होता. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून त्याचं डॉलरमधलं बिल दर महिन्याला आठवणीने हाताने भरावं लागत होतं. म्हणून नवा सर्व्हर मुंबईत घ्यायचा ठरला. बिल रुपयात, जीएसटीचं इन्व्हॉइस व्यवस्थित, आणि इथल्या मोबाइलवर साइटही लवकर उघडते.

चालू सर्व्हरवरच नवी सिस्टिम चढवण्याची सोयसुद्धा होती. ती मी घेतली नाही. मधेच काही अडलं तर मागे फिरायला जागा उरत नाही, आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या तोंडावर ती जोखीम कोणाच्या भरवशावर घ्यायची? त्यामुळे वेगळा सर्व्हर, त्यावर अल्मालिनक्स ९ ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि सगळं नीट बसेपर्यंत जुनाही चालू. दोन सर्व्हरचं भाडं काही काळ अंगावर पडलं. तो खर्च मला आजही योग्य वाटतो.

आधी यादी केली. प्रत्येक साइटसाठी एक ओळ: किती जागा, कोणतं पीएचपी (साइट ज्या भाषेत लिहिलेली ती), किती डेटाबेस, किती ईमेल खाती, आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुठे, कोणाच्या नावावर, त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. शेवटचे तीन रकाने भरायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

ज्या डोमेनचे नेमसर्व्हर, म्हणजे साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे सर्व्हर, आमचेच होते, त्यांची काळजी नव्हती. नेमसर्व्हरचा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) एका ठिकाणी बदलला की ती सगळी एकदम नव्या सर्व्हरकडे वळतात. पण कित्येकांनी डोमेन आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या कोणाकडून घेतलेलं होतं आणि तिथल्या खात्यात फक्त ए रेकॉर्डमध्ये, म्हणजे डोमेनचा आयपी सांगणाऱ्या नोंदीत, आमचा आयपी लिहिलेला होता. तो त्या खात्यात जाऊनच बदलावा लागतो. आणि खातं कोणाचं? एका शाळेचं डोमेन तिथे पूर्वी काम केलेल्या शिक्षकाच्या खाजगी ईमेलवर. एका पतसंस्थेचं, जुन्या व्यवस्थापकांच्या भाच्याच्या नावावर. "पासवर्ड आमच्यापाशी नाही जी, तो पोरगा पुण्याले गेला," हे वाक्य त्या महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की फोन उचलतानाच मी वही उघडून बसायचे.

त्यात निवडणूक. आमचा मोर्शी मतदारसंघ वर्धा लोकसभेत येतो आणि मतदान २६ एप्रिलला होतं. शाळा-कॉलेजातले शिक्षक, लिपिक, सगळे निवडणूक ड्युटीवर. ओटीपी ज्यांच्या मोबाइलवर जाणार ते प्रशिक्षणाला बसलेले. म्हणून शिक्षण संस्थांचं काम मे महिन्यावर ढकललं आणि आधी व्यापारी ग्राहक घेतले.

नर्सरीवाल्या एका भाऊंना समजावताना मला नीट शब्द सापडले. ते म्हणाले, "ताई, साइट तर चालू आहे ना, मंग कायले हलवून राह्यल्या? जूनपासून कलमाचा सीझन आहे माहा." त्यांच्याकडे मध्य प्रदेशातून, राजस्थानातून संत्र्याच्या कलमांची विचारणा साइटवरूनच येते. मी म्हटलं, भाऊ, म्हणूनच आता हलवून ठेवायचं, सीझनमध्ये हात लावायचा नाही. आणि तुमचं डोमेन तुमच्या नावावर नाही. वावर तुम्ही वाहता आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असं आहे ते. त्यांना ते लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन ते स्वतः ऑफिसात आले आणि ज्याच्याकडे खातं होतं त्याला माझ्यासमोरच फोन लावला.

ज्यांच्या डोमेनचं नाव जुन्या माणसाकडून बदलून घेता आलं नाही, त्यांच्यासाठी रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, अर्ज करावा लागला. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, कार्यकारिणीचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, अध्यक्ष किंवा सचिवांचं ओळखपत्र. इंग्रजी पत्र मी लिहून दिलं, ठराव संस्थेने मराठीत केला आणि सोबत भाषांतर जोडलं. यात एक क्रम पाळावा लागतो. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारख्या डोमेनवर मालकाचं नाव बदललं की साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, असं कुलूप आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या धोरणाने लागतं. त्यामुळे ज्यांना रजिस्ट्रारही बदलायचा होता, त्यांचं डोमेन आधी नव्या रजिस्ट्रारकडे नेलं आणि नाव मागून बदललं. नुसता ए रेकॉर्ड बदलायला मात्र या कुलपाची आडकाठी नाही, हे ग्राहकांना आवर्जून सांगितलं. नाहीतर साठ दिवस ऐकून माणूस घाबरतो.

फाइली कॉपी करणं त्या मानाने सोपं. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने जुन्या सर्व्हरवरून थेट नव्या सर्व्हरवर माल जातो, आमच्या ऑफिसच्या इंटरनेटवरून नाही. मे महिन्यात इथे दुपारनंतर वादळ सुटलं की लाइन जातेच. इन्व्हर्टरही उतरला, तरी काम सर्व्हरवरच्या स्क्रीन सत्रात सुरू केलेलं असलं की ते तुटत नाही, लाइन आल्यावर परत जोडून बघायचं. पहिली मोठी कॉपी आठवडाभर आधी, आणि शेवटची छोटी कॉपी बदलाच्या रात्री, फक्त मधल्या काळात बदललेल्या फाइलींची.

खरी परीक्षा मराठी अक्षरांची झाली. एका कॉलेजची जुनी साइट नव्या सर्व्हरवर उघडली आणि नोटीस बोर्डवरच्या सगळ्या मजकुराच्या जागी डोक्यावर टिंबं-रेघा असलेली रोमन अक्षरं आणि अधेमधे विचित्र चिन्हं. प्राचार्यांचं मनोगत, शुल्काच्या सूचना, एनएसएसच्या शिबिराचा अहवाल, काहीच वाचता येईना. माझ्यासोबतच्या मुलीचा चेहरा उतरला, कारण त्यातल्या कितीतरी नोटिसा तिनेच वर्षभर कृतीदेव या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून टाकल्या होत्या.

कारण असं होतं. जुन्या डेटाबेसचे तक्ते लॅटिन-१ या अक्षरसंहितेचे, म्हणजे रोमन अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचे, होते. साइट मात्र त्यात युटीएफ-८ या युनिकोड संहितेतलं मराठी भरत होती. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. डेटाबेसला ती तीन वेगवेगळी लॅटिन अक्षरं वाटत होती. भरतानाही लॅटिन, काढतानाही लॅटिन, त्यामुळे बाइट जसेच्या तसे परत यायचे आणि पडद्यावर मराठी नीट दिसायचं. नव्या सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल ८ या डेटाबेस प्रोग्रामची मूळ संहिता युटीएफ८एमबी४, म्हणजे पूर्ण युटीएफ-८. डेटाबेस बाहेर काढताना नेहमीची आज्ञा दिली की तो त्या तीन अक्षरांचं पुन्हा भाषांतर करतो आणि मजकूर दुहेरी गुंडाळला जातो.

उपाय सोपा आहे, पण तो मूळ डेटाबेसवरूनच करावा लागतो. बिघडलेल्या प्रतीवर दुरुस्त्या करत बसू नये. डेटाबेस काढताना संहिता मुद्दाम लॅटिन-१ सांगायची आणि संहितेची सूचना देणारी ओळ फाइलीत येऊ द्यायची नाही. म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. मग त्या फाइलीत तक्त्यांच्या व्याख्येत लॅटिन-१ च्या जागी युटीएफ८एमबी४ लिहायचं आणि नव्या सर्व्हरवर युटीएफ८एमबी४ म्हणूनच आत घ्यायचं. साइटच्या जोडणीतही तीच संहिता लिहायची. हे केलं आणि नोटीस बोर्ड परत मराठीत आला. त्यानंतर प्रत्येक साइट बघताना आम्ही मुद्दाम जोडाक्षरं आणि रफार असलेले शब्द शोधले: कार्यालय, विद्यार्थ्यांनी, प्रवेशप्रक्रिया. ते ठीक तर सगळं ठीक.

जुन्या पीएचपीवरच्या साइटही होत्या. पीएचपी ५.६ ची मुदत २०१८ च्या डिसेंबरअखेर संपलेली, आणि त्यात वापरलेल्या डेटाबेसच्या जुन्या आज्ञा पीएचपी ७ पासून काढूनच टाकलेल्या. अशा साइट हाताने दुरुस्त केल्या. ज्यांचा कोड फारच जुनाट होता त्या वर्डप्रेसवर नव्याने उभ्या केल्या आणि त्याचे वेगळे पैसे आधी सांगून घेतले.

प्रत्येक साइट लोकांना दिसण्याआधी आमच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलीत नवा आयपी लिहून तपासली. जगाला जुनी साइट दिसते, आम्हाला नवी. फॉर्म भरून बघितला, पीडीएफ उघडून बघितली, मोबाइलवरून बघितली. मग त्या डोमेनचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, चार तासांवरून पाच मिनिटांवर आणला. आधी हे करून ठेवलं नाही तर बदल केल्यावरही तासन्‌तास अर्ध्या लोकांना जुनीच साइट दिसत राहते. बदलाच्या रात्री जुन्या सर्व्हरच्या डीएनएसमध्येसुद्धा (डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींमध्ये) नवाच आयपी लिहिला, म्हणजे कोणाचा फोन चुकून जुन्या नेमसर्व्हरला विचारायला गेला तरी उत्तर बरोबर मिळावं. हे काम शुक्रवारी कधीच केलं नाही, कारण काही अडलं तर शनिवार-रविवारी बाहेरच्या खात्यांची माणसं फोनवर सापडत नाहीत. साइट सुरक्षित असल्याची जुनी प्रमाणपत्रंही सोबत नेली. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र नव्वद दिवसांचं असतं, त्यामुळे नवं मिळेपर्यंत ब्राउझरमधली कुलपाची खूण कुठेच गेली नाही.

बारावीचा निकाल २१ मेला आणि दहावीचा २७ मेला लागला. त्या दिवसांत कॉलेजच्या साइटला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. त्याआधी हललेल्या साइट नव्या सर्व्हरवर होत्या, उरलेल्या जुन्यावर शांत बसून होत्या.

ईमेलचा त्रास त्यानंतर समोर आला. एका पतसंस्थेचे सभासदांना जाणारे ईमेल स्पॅममध्ये पडू लागले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेले: डोमेनला एसपीएफ (कोणत्या सर्व्हरवरून ईमेल जाऊ शकतो त्याची यादी) किंवा डीकेआयएम (ईमेलवरची डिजिटल सही) हवं आणि आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड हवा. आमच्या आयपीचा पीटीआर मी डेटा सेंटरकडे अर्ज करून आधीच लावून घेतला होता. तो आपल्या डीएनएसमध्ये लिहून चालत नाही, आयपी ज्याचा त्यालाच लावावा लागतो. पण या पतसंस्थेचं डीएनएस बाहेर होतं आणि तिथल्या एसपीएफमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी तसाच होता. मी व्यवस्थापकांना एका सभासदाचा स्पॅममधला ईमेल मागितला, त्याचं हेडर, म्हणजे ईमेलच्या प्रवासाची नोंद, उघडलं, तिथे एसपीएफ नापास असं स्पष्ट लिहिलेलं. एक ओळ बदलली, डीकेआयएम चालू केलं, आणि ईमेल इनबॉक्समध्ये जाऊ लागले.

जुना सर्व्हर लगेच बंद केला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सर्व्हरचे लॉग (कामाच्या नोंदी) १८० दिवस सांभाळावे लागतात. ते सगळे उतरवून, तारखेप्रमाणे लावून इथल्या बॅकअपवर ठेवले. जूनअखेरच्या आधी त्यावर एकही साइट उरलेली नाही याची खात्री त्याच्या वेब लॉगवरून केली. कोणती साइट अजून तिथे मागितली जाते ते त्यात दिसतं. एक मंगल कार्यालय असं सापडलं. त्यांचं दुसरं, जुनं डोमेन कोणाच्याच यादीत नव्हतं आणि पत्रिकांवर तेच छापलेलं होतं. तेही वळवलं आणि मग सर्व्हर बंद करण्याचा अर्ज दिला.

आता आमच्या करारनाम्यात एक कलम आहे: डोमेन ग्राहकाच्याच नावावर, ग्राहकाच्याच ईमेलवर, आणि संस्था असेल तर ओटीपीचा मोबाइल संस्थेच्या कार्यालयातला. नूतनीकरणाचं बिल पाठवताना तो मोबाइल चालू आहे का, हे बेनोड्याची मुलगी फोन करून विचारते. अल्मालिनक्स ९ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मे २०३२ पर्यंत मिळणार आहेत. दोन संस्थांचे अर्ज हे लिहीपर्यंत रजिस्ट्रारकडे प्रलंबितच आहेत. त्यांचे ए रेकॉर्ड जुन्या खातेधारकांनी विनंतीवरून बदलून दिले, पण मालकाचं नाव अजून बदललेलं नाही. त्यांचा पाठपुरावा सुरू आहे.