अल्बम संपला की गप्प बस, एवढंच सांगायचं होतं

अल्बम संपल्यावर शांतता हवी, एवढीच माझी मागणी. गाण्याच्या अ‍ॅपच्या गळी ती उतरवता उतरवता माझ्या नाकी नऊ आले.

पैसे भरणं, खातं उघडणं चुटकीसरशी झालं. पैसे घ्यायचं बटण कधी लपलेलं नसतं म्हणा! गाण्यामागे फिरत राहणारा तो छोटा व्हिडिओही सेटिंगमधून गेला. होम स्क्रीनवरचे पॉडकास्ट मात्र हटवले तरी परत उगवतात. त्यांचा नाद मी सोडला.

खरी डोकेदुखी ऑटोप्लेची. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच अ‍ॅप 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत भलतंच काहीतरी ढॅणढॅण सुरू करतं. सेटिंग्जमध्ये प्लेबॅक, तिथे खाली सरकत गेल्यावर ऑटोप्ले. केलं बंद. रात्री स्पीकरवर संथ वाद्यसंगीत लावलं, ते संपलं आणि ढॅणढॅण! फोनवर पाहिलं तर बटण बंदच.

मग मदतीचं चॅट. तिथे आधी बॉट. त्याने सांगितलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं, तर उतरवून ठेवलेली सगळी गाणी गायब. (हा सल्ला मिळाला तर आधी वाय-फाय आहे ना ते बघा. ३२० केबीपीएस या वरच्या दर्जाने तासाभराच्या संगीताला साधारण १४४ एमबी लागतात.) वर कहर म्हणजे, नव्याने टाकलेल्या अ‍ॅपमध्ये फोनवरचं ऑटोप्लेही पुन्हा चालू! परत चॅट. 'माणसाशी बोलायचंय' असं लिहीत राहिलो, तेव्हा कुठे माणूस आला. त्याने अतिशय नम्रपणे बॉटचीच लिंक पाठवली. ती वाचली आहे म्हटल्यावर, 'आणखी काही मदत हवी का?' आधी कुठे केलीत?

शेवटी दुसऱ्या एकीने एका ओळीत उलगडा केला. ही सेटिंग खात्याची नाही, त्या त्या उपकरणाची. फोनवर बंद केली तर फोनपुरतीच बंद. स्पीकरसाठी त्याच्या वेगळ्या अ‍ॅपमध्ये जायचं, लॅपटॉपवर पुन्हा वेगळं. ते केल्यावर अल्बम संपला आणि खरोखर काही वाजलं नाही. मी उगाच थोडा वेळ बसून राहिलो.

शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याचं, राहिलंच. माझी सेवा वेगळी आहे, पण स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका अडेलच्या आग्रहावरून अल्बमच्या मुख्य प्ले बटणातून शफल काढलं होतं. गायकाने क्रम लावलेला असतो तो काही उगाच नाही. तुमच्याच यादीत परकी गाणी घुसत असतील तर शफलच्या चिन्हाकडे नीट बघा. त्याचा 'स्मार्ट' अवतार चालू असू शकतो. आणि मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकत असाल तर दोन गाणी एकमेकांत मिसळणारं क्रॉसफेड शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं.

एवढं करूनही वैतागून सोडायचंच ठरवलंत, तर नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही, पैसे कापले जातच राहतात. अ‍ॅप स्टोअरमधून सदस्यत्व घेतलं असेल तर तिथूनच रद्द करा. थेट घेतलं असेल तर ब्राउझरमध्ये खातं उघडून.